माळवदावरची माती

आमच्या माजघरावर किती माती आहे, हे मला वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी कळले; आणि तेही मुलांना घनफळ शिकवताना. पुस्तकात पाण्याच्या हौदाचे उदाहरण होते. पण आमच्या गावात हौद म्हणजे कोरडे भांडे. मुलांना तो डोळ्यांपुढे आणता येईना, म्हणून मी फळ्यावर आमचे माजघर काढले. लांबी १२ फूट, रुंदी १० फूट, वरच्या मातीचा थर २ फूट. २४० घनफूट झाले. हुशार मुलाचे एवढ्यावर समाधान होत नाही. एकाने विचारले, "गुरुजी, वजन किती भरंल?" दुसऱ्या दिवशी आम्ही एका खोक्यात घनफूटभर माती भरली आणि अडत्याच्या काट्यावर तोलली. सुमारे ४५ किलो भरली. मग पुन्हा गुणाकार : १०,८०० किलो, म्हणजे १०८ क्विंटल. मुलांनी लगेच त्याची पोती केली. ज्वारीची एकशेआठ पोती गुरुजींच्या घरावर रचून ठेवलेली आहेत, ही कल्पना त्यांना फार गमतीची वाटली. वर्ग हसला, मीही हसलो.

त्या रात्री पाणी प्यायला उठलो, तेव्हा आई माजघरात निजलेली होती. एक हात उशाखाली, तोंड किंचित उघडे. मी वर पाहिले. काळ्या पडलेल्या कड्या, त्यांवर फळ्या. आणि त्यांच्यावर काय आहे ते आता मला किलोत ठाऊक होते.

शहरातल्या वाचकांसाठी सांगायला हवे की मराठवाड्यातले जुने घर म्हणजे दगडाच्या जाड भिंती, आत लाकडी खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या आणि त्यावर मातीचे सपाट छप्पर. त्या छपराला आम्ही माळवद म्हणतो. वैशाखात बाहेर अंग भाजत असताना या घरात पाऊल टाकावे, म्हणजे त्याची किंमत कळते. रात्री माळवदावर अंथरूण टाकून चांदण्या मोजता येतात; सांडगे, पापड, मिरच्या तिथेच वाळतात; आमच्याकडे तर लग्नाच्या बोलण्याही तिथे झाल्या आहेत. या घराला नावे ठेवायला मी बसलेलो नाही.

पण मातीचे छप्पर गळते. म्हणून दर वर्षी रोहिणी निघाल्या की अण्णा पांढरीची माती आणीत. पाट्या डोक्यावर घेऊन शिडी चढत, माती पसरत, पाणी शिंपडत आणि चोपण्याने चोपून चोपून ती तुकतुकीत करीत. मृगाचा पहिला सडाका आला की खाली माजघरात येऊन मान वर करून उभे राहत. थेंब आला नाही, की चेहऱ्यावर जे समाधान दिसे ते मला पुढे कुठल्याही देवळातून बाहेर पडणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर दिसलेले नाही. दर वर्षी दोन बोटे माती. त्यातली थोडी पावसात वाहून जाई, बाकीची राही. आजोबांची माती, तिच्यावर अण्णांची. आमच्या डोक्यावरचा हा भार कुणी वैऱ्याने रचलेला नाही. आम्ही भिजू नये म्हणून रचला गेला आहे.

१९९३ साली मी बारा वर्षांचा होतो. २९ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी होती. लेझीम खेळून पायांचे तुकडे पडले होते आणि मी मेल्यासारखा झोपलो होतो. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जे झाले त्याची माझी आठवण फक्त आवाजाची आहे. फळीवरची पितळेची भांडी एकदम खाली आली, आणि त्याच्याही खालून, जात्यावर कुणी डोंगर दळत असावे तसा आवाज. अण्णांनी मला दंडाला धरून अंगणात ओढले. आमचे गाव किल्लारीपासून पंधरा कोसांवर. म्हणून आमच्या भिंतींना तडे गेले आणि भागले. तिकडे गावेच्या गावे बसली. जवळपास आठ हजार माणसे गेली असे सरकारी आकडे सांगतात. काही मोजण्या त्याच्याही पुढे जातात. तिसऱ्या दिवशी अण्णा भाकरीची गाठोडी घेऊन गावच्या पोरांबरोबर ट्रकने तिकडे गेले. पाऊस लागलेला होता. चार दिवसांनी परत आले ते बोललेच नाहीत. पुढे केव्हातरी आईला एवढेच म्हणाले, की दगड तरी उचलता येतो, माती उपसताना हात पुरे पडत नव्हते.

आणि पुढच्या वर्षी रोहिणी निघाल्या तेव्हा त्यांनी माळवदावर माती टाकली.

या एका गोष्टीने मला पुष्कळ वर्षे छळले. ज्या माणसाने स्वतःच्या हातांनी मातीखालून माणसे काढली, तोच माणूस आठ महिन्यांत आपल्या बायकापोरांच्या डोक्यावर तीच माती पसरतो, याला म्हणायचे काय? मी तरुण होतो तेव्हा त्याला अडाणीपणा म्हणत असे. पुढे मी कादंबरी लिहिली. तीत एक शेतकरी आहे, एक भूकंप आहे, आणि बरोबर हेच करणारा एक बाप आहे. वाचकांना ते पान फार भिडले. एका संस्थेने पारितोषिक दिले, शाल दिली. बोलताना माझाही गळा दाटून आला. शाल खांद्यावर घेऊन मी रात्रीच्या गाडीने घरी आलो, आणि त्याच माळवदाखाली गाढ झोपलो.

भूकंपात घर कसे पडते, हे त्या कादंबरीसाठी मी नीट समजून घेतले होते. अडाण्याच्या तोंडून काही चुकीचे जाऊ नये म्हणून इंजिनियर लोकांना विचारले होते. मी मॅट्रिक, त्यामुळे विचारायची लाज वाटत नाही, हा एक फायदा. आमच्या भिंती दीड-दोन हात जाड. पाहणाऱ्याला वाटते, किल्लाच. पण ती एक भिंत नसते, दोन असतात. बाहेरच्या अंगाला दगडांची एक रांग, आतल्या अंगाला दुसरी, आणि मधल्या पोकळीत बारीक दगड आणि चिखल. दोन्ही रांगांना धरून ठेवणारा, आरपार जाणारा लांब दगड घालावा असे शहाणे गवंडी सांगत. पण तसा दगड घडवायला वेळ लागतो, पैसा लागतो, आणि घातला तरी गिलाव्यामागे दिसत नाही. म्हणून बहुतेक घरांत तो नाहीच. जमीन हलली की मधला चिखल-दगड खाली बसू लागतो, पाचरीसारखा दोन्ही रांगांना बाहेर ढकलतो, भिंतीला पोट सुटते आणि ती ढासळते. कोपरे आधी उघडतात. वर शंभर पोत्यांचे ओझे. आणि धक्क्याचा जोर तर वजनाच्या पटीत लागतो. जितके डोके जड, तितकी भिंतीवर ओढ मोठी. किल्लारीच्या बाजूला कुडाच्या, गवताच्या झोपड्यांतली माणसे वाचली, आणि मोठ्या वाड्यांतली गेली. ज्यांना गावाने चांगले घर बांधू दिले नव्हते, त्यांना त्या पहाटे त्या हलक्या छपराने जगवले. यात न्याय शोधू नये. पण ही गोष्ट विसरूही नये.

हे सगळे मला ठाऊक होते. मी त्याची चार पानी वर्णने केली होती. मग मी काहीच का केले नाही? कळते पण वळत नाही, असे आपण सहज म्हणतो. पण कळणे आणि वळणे यांच्या मधल्या जागेत नेमके काय असते, हे कुणी पाहिले आहे का? मी माझ्यापुरते पाहायचा प्रयत्न केला.

गरिबी हे कारण पहिल्यांदा पुढे येते. ते काही घरांत खरे आहे. आमच्या घरात पुरते खरे नव्हते. भूकंपानंतर सरकारी मदत आली. अण्णांनी त्यात स्वतःची भर घालून अंगणात एक स्लॅबची पक्की खोली बांधली. जुन्या भिंती बळकट करण्यापेक्षा आमच्या गावात बहुतेकांनी हेच केले. त्या खोलीत आम्ही काय ठेवले? बियाणे, खताची पोती, आणि पाहुणे. उन्हाळ्यात स्लॅब तापतो, म्हणून आई तिथे निजत नाही. भूकंपासाठी बांधलेल्या खोलीत सोयाबीनची पोती तीस वर्षे अगदी सुरक्षित आहेत.

दुसरे कारण नशिबाचे. मी आईजवळ माती काढण्याचा विषय काढला तेव्हा ती म्हणाली, "आरं, ज्याची भरली त्यो अंगणात निजला तरी जातोय. आन् ह्या घरानं त्या दिवशी आपल्याला मारलं का? न्हाई ना? मग त्याच्याच अंगावर कुदळ घालायची?" या बोलण्यातला दुसरा भाग मला पहिल्यापेक्षा जड गेला. नशिबाला उत्तर देता येते. बैलाला दावे लावताना, विहिरीला कठडा बांधताना आपण नशिबावर सोडत नाही. जिथे खर्च मोठा आणि धोका दूरचा, तिथेच नशीब आठवते. पण कृतज्ञतेला काय उत्तर द्यायचे? घराने आपल्याला वाचवले, हे तिच्या दृष्टीने खरेच होते. त्यावर मी म्हणालो, की घराने वाचवले नाही, किल्लारी पंधरा कोसांवर होती म्हणून वाचलो. माझे म्हणणे बरोबर होते. पण बोलून झाल्यावर मलाच बरे वाटले नाही.

अशा प्रसंगी मला गांधीजी आणि रवींद्रनाथ यांच्यातला वाद आठवतो. १५ जानेवारी १९३४ रोजी बिहारमध्ये मोठा भूकंप झाला. अस्पृश्यतेच्या पापाचे हे ईश्वरी शासन आहे, असे गांधीजी म्हणाले. रवींद्रनाथांना ते मुळीच पटले नाही. निसर्गाच्या घडामोडींना नीतीचा अर्थ चिकटवणे त्यांना घातक वाटले. गांधीजींनी तो निषेध आपल्या पत्रात छापला आणि आपले म्हणणेही सोडले नाही. दोघांच्याही मोठेपणाला ते शोभले. माझे मत रवींद्रनाथांच्या बाजूचे आहे, पण त्या वादाकडे पाहताना मला, एका मास्तराला, नेहमी वाटते, की प्रश्न वर आकाशाकडे आणि खाली पाताळाकडे विचारला गेला. मधल्या भिंतीकडे तेवढे लक्ष गेले नाही. जमीन का हलली यात नीती नसेल. भिंत का पडली यात ती असते. आरपार दगड घालायचा टाळला, तिथे ती असते. घर पडून मालक मेला तर बांधणाऱ्याला मृत्युदंड, आणि मालकाचा मुलगा मेला तर बांधणाऱ्याचा मुलगा मारावा, असा बाबिलोनच्या हम्मुराबी राजाचा पावणेचार हजार वर्षांपूर्वीचा कायदा होता. तो क्रूर आहे. पण आमच्या घरासारख्या घरात तो लावायचा कसा? बांधणारे माझे आजोबा, ओझे वाढवणारे माझे वडील, आणि खाली निजणारे आम्ही. तिथे आरोपी आणि फिर्यादी एकाच ताटात जेवतात.

अण्णांना आता मी अडाणी म्हणत नाही. पाऊस दर वर्षी येतो. भूकंप एका आयुष्यात एकदा आला तर आला. जो दर वर्षी येतो त्याच्यापासून त्यांनी आम्हांला वाचवले, आणि त्यासाठी पाट्या वाहून मान मोडून घेतली. एकदाच येणाऱ्या संकटासाठी काय करावे हे त्यांना कुणी शिकवले नव्हते. त्या वेळच्या सरकारी नकाशात तर आमचा मुलूख सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. तो पट्टा पुढे २००२ च्या नकाशात काढूनच टाकला. कोयनेला ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी धक्का बसून दोनशेच्या आसपास माणसे गेली होती, त्या धरणाला तडे गेले होते आणि मग ते धरण बळकट करण्यात आले, हे अण्णांना माहीत होते. पण ती कोयना. ते डोंगर, ते पाणी. आमच्या काळ्या सपाट रानाला त्याचे काय?

मला मात्र माहीत होते, आणि तरी मी तीस वर्षे हललो नाही. तेव्हा कारण तिसरेच असणार. ते सांगायला थोडे ओशाळवाणे आहे. हा खर्च दिसत नाही. घराला रंग दिला तर गाव म्हणते, गुरुजींनी रंग दिला. वर माडी चढवली तर सोयरे बसून जातात. भिंतीच्या पोटात शंभर जागी सळईचे आकडे घातले तर कोण पाहणार? आणि भूकंप आलाच नाही तर? मग मी मरेपर्यंत सिद्ध होणार नाही, की मी काही केले. माझी मुलगी मोठी झाल्यावर नवऱ्याला सांगेल, आमच्या बाबांनी बक्षिसाचे पैसे मातीत घातले! मला वाटते, पुष्कळ चांगली कामे आपल्या हातून राहतात ती त्यांत कष्ट आहेत म्हणून नव्हे, तर त्यांचे यश म्हणजे काहीही न घडणे असते म्हणून. न घडलेल्या गोष्टीचा सत्कार होत नाही. कादंबरीतला भूकंप लिहिला तर शाल मिळते.

गणिताच्या तासानंतर मात्र माझा इलाज चालेना. भीती मी तीस वर्षे पचवली होती. बेरीज पचवता आली नाही. गेल्या वैशाखात गवंड्याला बोलावले. त्याने भिंतीवर हात फिरवला, लोंबती दोरी धरून पाहिली आणि म्हणाला, "गुरुजी, पोट आलंय बघा भिंतीला. हे आधी सांगायचं न्हाई का?" आधी म्हणजे केव्हा, हे मी विचारले नाही.

पहिल्यांदा माती उतरवली. दोन फुटांची आठ इंचांवर आणली. खाली जाड प्लॅस्टिकचा कागद अंथरला, म्हणजे कमी मातीतही पाणी झिरपू नये. एका माजघरावरून बहात्तर क्विंटल गेली. मग भिंतीत दर तीन-साडेतीन फुटांवर अलगद दगड काढून आरपार भोके पाडली, त्यांत दोन्ही टोकांना वाकवलेली सळई ठेवून काँक्रीट भरले. चुकलेल्या लांब दगडाची ही उशिरा केलेली भरपाई. दारांच्या वरून चारी भिंतींना आतून-बाहेरून जाळी ठोकून सिमेंटचा पट्टा फिरवला. तो कुठेही तुटता कामा नये, कोपऱ्यावर तर मुळीच नाही, हे मी शाळेत हजेरी घ्यावी तसे रोज तपासत होतो. खांब आणि तुळया यांच्या सांध्यात तिरपे लाकूड मारले. आणि ज्याला एक पैसाही लागला नाही ते काम माझ्या बायकोने केले : आईच्या उशाकडची पितळी भांड्यांची फळी काढून पायथ्याच्या कोनाड्यात खाली मांडली. १९९३ साली तीच भांडी पहिल्यांदा पडली होती. तेवढे तरी मला सुचायला हरकत नव्हती.

माती उतरत होती तेव्हा आई ओसरीवर पाठ करून बसली होती. गडी वरून पाटी ओतत, धूळ उडे, ती पदर तोंडाला लावी. तिसऱ्या दिवशी उठून मातीच्या ढिगाजवळ गेली आणि एक ढेकूळ उचलून पाहू लागली. त्यात चोपण्याच्या फळीचा ठसा होता, सपाट आणि गुळगुळीत. "हे त्यांचंच," म्हणाली. मी गप्प राहिलो. ती माती आम्ही ओढ्याकडच्या तुकड्यात नेऊन टाकली.

मृगाचा पाऊस आला त्या रात्री मी माजघरात मान वर करून उभा राहिलो. उजव्या कोपऱ्यात, कागदाचा जोड होता तिथे, थेंब आला. आईने वाटी ठेवली. "त्येंच्या येळंला न्हवतं गळत," एवढे म्हणाली आणि कूस वळवून झोपली. तो जोड मी दुसऱ्या दिवशी नीट करून घेतला. पण त्या वाक्याला माझ्याजवळ आजही उत्तर नाही.

हे लिहितो आहे तेव्हा श्रावण सरत आला आहे. पैसे माजघराला पुरले, ओसरीला अर्धे पुरले. स्वयंपाकघर राहिले. पावसात मातीला हात लावता येत नाही. गवंडी तुळशीच्या लग्नानंतर येतो म्हणाला आहे. हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा आमच्या घरी पहाटे चारला चूल पेटलेली असेल. बायको चकल्या पाडत असेल, मुलगी झोपाळू डोळ्यांनी सोऱ्या धरून बसलेली असेल, आणि त्या दोघींच्या डोक्यावर अजून दोन फूट माती असेल. मी त्यांना सांगितले आहे, की या वर्षी फराळ स्लॅबच्या खोलीत करा. सोयाबीनची पोती कुठे हलवायची, यावर आमची बोलणी चालू आहेत.